दोरवाल्यांची धूरगाडी

बाजाराच्या फाटकाशी मुकादमानं काठी आडवी धरली तशी दोरवालीनं ब्रेक दाबला. गाडी थांबली. धूर थांबला नाही. निळसर लोट मागून सावकाश पुढे आला, गाडीला दोन्ही अंगांनी वळसा घालून मुकादमाच्या मिशांत शिरला.

"बंद कर आधी ते!" मुकादम खोकत ओरडला.

तिनं किल्ली फिरवली. फाटकाला लागूनच चादरींचं दुकान होतं. दुकानवाली बाहेर टांगलेल्या पांढऱ्या चादरी भराभर ओढून आत घेत होती. एकेक चादर नाकाला लावायची आणि चादरीकडे न बघता दोरवालीकडे बघायची.

"मागच्या बाजारीच सांगितलं होतं," मुकादम म्हणाला. "गाडी आत यायची नाही. माल डोक्यावर न्या. आणि पुढच्या बाजारी हा धूर दिसला तर इथंही उभं राहू देणार नाही. तुमच्या कोपऱ्यावर नायलॉनवाला टपून बसलाय. रोज येऊन विचारतो, मोकळा होतोय का म्हणून."

"मुकादम, नवीन आहे हो गाडी, जरा सांभाळून—"

"नवीन?"

"आम्हाला नवीन," दोरवाली म्हणाली.

बघ्यांत हशा पिकला. तिचे कान तापले, पण तिनं मान ताठ ठेवली आणि खाली उतरून मागचं दार उघडलं.

दोरवाला मागच्या सीटवरून, वेटोळ्यांतून वाट काढत बाहेर आला. तो कायम मागेच बसायचा. पुढे बसलं की रस्ता अंगावर येतो, असं त्याचं म्हणणं. गाडी बायको चालवायची. माहेरी तिनं वडिलांचा ट्रॅक्टर चालवला होता आणि ट्रॅक्टरपुढे ही गाडी तिला शिलाई मशीनसारखी वाटायची. चालवण्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती मागून निघणाऱ्या त्या निळ्या शेपटाची.

दोघांनी वेटोळी खांद्यावर घेतली. कासरे, दावी, पेंढ्या बांधायची बारीक दोरी, विहिरीवरचा जाड सोल. घायपाताच्या वाखाची दोरी मऊ नसते. तिची कुसं मानेत शिरतात आणि घाम लागला की चुरचुरतात. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत सगळा बाजार ओलांडायचा होता.

"काय दोरवाले, चूल गाडीतच मांडली की काय?" कांद्याच्या ढिगामागून एकानं विचारलं.

दोरवाला हसला. हसणं भागच होतं. तो माणूस दरवर्षी त्यांच्याकडून सोल घ्यायचा.

घरी परतले तेव्हा सासू अंगणात वाख विंचरत बसली होती. तिनं बाजाराचं काही विचारलं नाही. मुलाची लाल झालेली मान पाहिली, आत जाऊन तेलाची वाटी आणली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"खेचराच्या मानेला कधी असं झालं नाही," एवढंच म्हणाली.

खेचर हा त्या घरातला दुखरा विषय होता. पिढ्यान्‌पिढ्या या घरची दोरी खिंडीपलीकडच्या बाजारात खेचरावरून गेली. सासू तरुणपणी स्वतः त्याचा दोर धरून खिंड चढायची. शेवटचं खेचर म्हातारं झालं, त्याचे गुडघे धरेनात, तेव्हा नदीकाठी चराई असलेल्या एका माणसाला ते दिलं आणि कंपाउंडरची जुनी गाडी घरी आणली. कंपाउंडर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेला, गावातला सगळ्यात इस्त्रीचा माणूस. त्यानं गाडी रोज पुसली होती, म्हणून दोरवाल्यानं डोळे झाकून घेतली. सासू मात्र अजून गाडीत बसली नव्हती. "मी ज्यावर बसेन त्याला पाय हवेत," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

घरामागे एक लांब, सरळ बोळ होता. त्याच्या एका टोकाला पीळ भरायचं चाक पक्कं रोवलेलं. दोरवाला चाक फिरवायचा, बायको कमरेला वाखाचा झुबका बांधून, हाताशी तंतू सोडत सोडत मागे मागे चालत जायची. सासू पेड एकमेकांत गुंतू नयेत म्हणून मधे लाकडी फणी धरून उभी राहायची. दिवसभर त्या बोळात चाकाची कुरकुर आणि मागे सरणाऱ्या पावलांचा आवाज.

त्या दिवसांत ती कुरकुर जरा जास्तच घाईची होती. खिंडीपलीकडे पीक यंदा एकदम पिकलं होतं. एरवी एक शेत आज, एक उद्या असं व्हायचं. यंदा सगळा पट्टा एका रंगाचा झाला. त्यात दुपारनंतर दमट वारा सुटायचा आणि पश्चिमेला ढग जमायचे. कापलं की लगेच पेंढ्या बांधून आत नेल्याशिवाय कुणाला झोप नव्हती. दोरी आत्ता हवी होती. पंधरवड्यानंतर तीच दोरी घरी फुकट पडून राहिली असती. आणि दमट हवेत वाख मऊ पडायचा, म्हणून बोळातही सकाळच्या उन्हातच काय ते काम उरकावं लागायचं.

"मी कंपाउंडरकडे जातो," दोरवाला दुसऱ्या दिवशी म्हणाला. "फसवलं त्यानं आपल्याला."

"जाऊ नका," बायको म्हणाली. "भांडून धूर थांबतो का?"

तो गेलाच. कंपाउंडर दारात उभा होता. त्यानं बस म्हटलं नाही.

"मी?" तो म्हणाला. "मी फसवलं? अहो, मी ती गाडी दवाखान्याच्या पलीकडे नेली नाही कधी. बायको गेल्यापासून तर शेडमध्येच होती. आठवड्यातून एकदा सुरू करायचो, पुसायचो, झाकून ठेवायचो. धूर यायचा थोडासा सकाळी. मला वाटलं, थंडीचा असेल."

त्यानं रिकाम्या शेडकडे पाहिलं. दोरवाला जे बोलायचं ठरवून गेला होता त्यातलं निम्मं बोलला, उरलेलं गिळून परत आला. वाटेत त्याला स्वतःचाच राग आला.

गॅरेज गावाबाहेर, वडाच्या सावलीत होतं. गॅरेजवाल्याला सगळे सायलेन्सर म्हणायचे, कारण त्याच्या तोंडाला तो बसवलेला नव्हता. पाना हातात असो, तोंडात घास असो, त्याचं बोलणं चालूच. दोरवालीनं गाडी त्याच्यापुढे आणून उभी केली आणि मोठ्यानं एकदा रेस केली.

"निळा!" सायलेन्सर ओरडला. "या, या, निळ्या धुराचे मालक! ऐका. पांढरा असता तर पाणी जळतंय म्हटलं असतं. काळा असता तर पेट्रोल जास्त पितेय. निळा म्हणजे ऑईल. ऑईल किती टाकता?"

"बाजाराला जाऊन आलं की डबाभर," ती म्हणाली. "पट्टी काढून बघते रोज. खालच्या खुणेच्याही खाली जातं."

त्यानं प्लग काढले. चारपैकी दोन ओले, तेलकट, काजळी धरलेले होते. त्यानं ते तळहातावर ठेवून दोघांना दाखवले.

"रिंगा गेल्या," तो म्हणाला. "पिस्टनला रिंगा असतात. त्या झिजल्या की खालचं ऑईल वर चढतं आणि जळतं. इंजिन उतरवायचं, बोअर करायला शहरात पाठवायचं. महिना धरा."

"महिना?" दोरवालीनं विचारलं. "महिन्यानं दोरी कुणाच्या गळ्यात घालू? पीक या आठवड्यात उभं आहे."

"ताई, इंजिनाला पीक कळत नाही."

दोघं परत निघाली. ती गाडी चालवत होती आणि विचार करत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"अहो, ही गाडी खिंड चढते कशी?"

"कशी म्हणजे? चढते."

"नुसती चढते का? भरल्या मालासकट तिसऱ्या गिअरात चढते. छातीत दम नसलेलं माणूस असं ओझं घेऊन चढेल का? ट्रॅक्टरच्या रिंगा गेल्या होत्या बाबांच्या, तेव्हा तो साध्या बांधावर धापा टाकायचा. आणि चढावर तर काळोखी करायचा नुसती."

"मग चढावर धूर नसतो का आपला?"

"मला काय विचारता? मी पुढे बघत असते. मागे तुम्ही असता."

"मी मागे असतो, पण मागे बघत नसतो," दोरवाला म्हणाला. "मी डोळे मिटून बसतो."

तिनं गाडी घराकडे न वळवता खिंडीच्या रस्त्याला लावली.

"कुठे चाललीस?"

"मागे तोंड करून बसा. दार अर्धं उघडून दोरीनं बांधा. आणि डोळे उघडे ठेवा."

तो सीटवर गुडघे टेकून, पाठ तिच्याकडे करून बसला. मागचं दार त्यानं दाव्यानं बांधून हातभर उघडं ठेवलं. चढ सुरू झाला. तिनं पाय दाबला आणि इंजिन घुमायला लागलं.

"आता?" ती पुढून ओरडली.

"काही नाही!"

"आता?"

"रस्ता!"

"रस्ता म्हणजे काय?"

"रस्ता दिसतोय! स्वच्छ! एक कुत्रं पण दिसतंय!"

माथ्यापर्यंत हेच. माथ्यावर तिनं गाडी थांबवली नाही. पलीकडच्या उतारावर नेहमीसारखा दुसरा गिअर टाकला, पाय काढला आणि इंजिनाच्या जिवावर गाडी खाली सोडली.

"आता?"

"काही नाही."

"अजून?"

"नाही गं. थोडं... नाही."

खालच्या वळणावर रस्ता सपाट झाला. तिनं पाय दाबला.

"आला!" दोरवाला एवढ्या मोठ्यानं ओरडला की ती दचकली. "आला, आला! निळा! अगं, केवढा आला! सगळं वळण भरलं!" आणि मग खोकला, कारण दार उघडं होतं.

"तुम्हाला आनंद कसला झाला?"

"मला माहीत नाही! परत कर!"

तिनं गाडी वळवली. चढावर काही नाही. माथ्यावरून उलट गावाच्या बाजूला उतरली, पाय काढून, आणि खाली पाय दाबला की लोट. पुन्हा वर. पुन्हा खाली. तिनं पायानं काय केलं ते ती ओरडून सांगायची, त्यानं काय दिसलं ते तो ओरडून सांगायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण एकमेकांचं बोलणं इतकं लक्ष देऊन त्यांनी क्वचितच ऐकलं असेल. चौथ्या की पाचव्या खेपेला एक मेंढपाळ रस्त्याच्या कडेला काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला.

"काय हरवलंय का?" त्यानं विचारलं.

"सापडलं!" दोरवाला मागच्या फटीतून ओरडला. त्याचं तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत काळवंडलं होतं आणि दात तेवढे पांढरे दिसत होते.

मग तिच्या एकदम लक्षात आलं आणि तिनं गाडी बाजूला घेतली.

"अहो, म्हणजे बाजारात शिरताना आपण कायम उतरून आलेलो असतो."

"हो."

"आणि गावात शिरतानाही."

दोरवाल्यानं कपाळाला हात लावला. "म्हणजे सगळ्या लोकांसमोर धूर, आणि कुणी नसतं तिथं साधी भोळी!"

ती स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागली. हसता हसता हॉर्न वाजला आणि मेंढरं पांगली.

सायलेन्सरला त्यांनी हे सगळं सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. दोघंही घाबरली. त्याला असं गप्प कुणी पाहिलं नव्हतं.

"चढावर दाबल्यावर नाही?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही."

"सकाळी सुरू करताना?"

"भसकन एकदा येतो. मग जातो."

"थांबा," तो म्हणाला. "मी घाई केली. थांबा हं."

त्यानं काटा असलेली एक नळी आणली, एकेका प्लगच्या भोकात घट्ट धरली आणि तिला चावी फिरवायला लावली. चारही वेळा काटा जवळजवळ एकाच जागी जाऊन थांबला. मग त्यानं एकेका भोकात चमचाभर ऑईल सोडलं आणि पुन्हा काटा पाहिला. जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल.

"रिंगा शाबूत!" त्याच्या तोंडाचा बांध फुटला. "झिजल्या असत्या तर या ऑईलनं फट बुजली असती आणि काटा टणकन वर गेला असता. ताई, रिंगा नाहीत! हे वरून गळतंय. व्हॉल्व्हच्या दांड्यांवर रबरी टोप्या असतात, सील म्हणतात त्यांना. तुम्ही उतारावर पाय काढला की इंजिन तोंड मिटून श्वास ओढतं. अशा वेळी वरचं ऑईल त्या टोप्यांतून खाली खेचलं जातं. आणि पाय दाबला की ते जळतं. टोप्या वाळल्यात. गाडी उभी असायची का फार?"

"शेडमध्ये," दोरवाला खालच्या आवाजात म्हणाला. "वर्षानुवर्षं. पुसून, झाकून."

"मग वाळणारच. रबर ते. चालत्या गाडीला ऑईल लागतं, मऊ राहतं."

दोरवाला तिथूनच कंपाउंडरकडे गेला. या वेळी बस म्हणायची वाट न बघता पायरीवर बसला आणि सगळं सांगितलं. कंपाउंडर ऐकत राहिला. "म्हणजे मी जपली म्हणून बिघडली," तो म्हणाला आणि बराच वेळ त्यावर मान हलवत बसला. मग उठून आत गेला आणि टोपी घालून बाहेर आला. "चला. मला बघायचंय."

नव्या टोप्या सायलेन्सरच्या डब्यात होत्या. अडचण एकच होती आणि ती तो डोकं खाजवत सांगत होता. सील बदलायला व्हॉल्व्हची स्प्रिंग काढावी लागते. स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह खाली सिलिंडरमध्ये पडतो. पडला की इंजिनाचं हेड उतरवा, म्हणजे पुन्हा तेच लांबण. प्लगच्या भोकातून हवा भरून व्हॉल्व्ह वर दाबून धरता येतो, पण त्याचा हवेचा पंप महिनाभर बंद पडलेला.

"दुसरा उपाय आहे एक," तो म्हणाला. "पण चांगली मिळायला पाहिजे."

"काय?"

"दोरी."

तिघंही हसायला लागली.

"प्लगच्या भोकातून आत सोडायची, मग इंजिन हातानं फिरवायचं. पिस्टन वर येतो, दोरीला दाबतो, दोरी व्हॉल्व्हला दाबून धरते. पडत नाही मग. असे हसता काय? खरं सांगतोय!"

"दोरी!" दोरवाला म्हणाला. "अरे, तू आमच्याकडे दोरी मागतोस?"

पण वाखाची चालणार नव्हती. तिचे केस सुटतात, एक तंतूही आत राहिला तर पंचाईत. सुताची हवी, करंगळीएवढी, घट्ट पिळाची तरी वाकणारी. दोरवालीनं घरी येऊन सूत काढलं आणि बोळात वळायला घेतलं. घाईत पीळ विषम पडला. दुसऱ्यांदा वळली तर दोरी इतकी ताठ झाली की बोटाभोवती फिरेना.

सासू फणी घेऊन बाजूला उभी होती. ती इतका वेळ मुद्दाम दुसरीकडे बघत होती. शेवटी तिच्यानं बघवेना.

"ही काय दोरी आहे? हिनं बकरीसुद्धा बांधून घेणार नाही. सोड."

तिनं सूत हातात घेतलं, चाकाशी मुलाला उभं केलं आणि सुनेला पलीकडच्या टोकाला. "हळू. अजून हळू. तुला चाक दिलंय, पंखा नाही." बारीक पेड भरत, बोटांनी चाचपत ती मागे मागे चालत गेली. तिच्या गुडघ्यांना त्रास होता, पण दोरीमागे चालताना तो दिसत नव्हता. दोरी झाली तेव्हा तिनं ती दिव्याच्या ज्योतीवरून झरझर फिरवली. सुटे केस जळून गेले. मग ओल्या फडक्यानं पुसली, वाळवली, पुन्हा पुसली आणि गालावर ओढून पाहिली.

"कुठं घालणार आहात हिला?"

"गाडीच्या पोटात," सून म्हणाली.

"मी येते," सासू म्हणाली. "माझी दोरी कुणी कशीही कोंबलेली मला चालणार नाही."

गाडीत बसली नाही. गॅरेजपर्यंत चालत आली.

सकाळपासून काम सुरू झालं. सायलेन्सरनं वरचं झाकण काढलं, रॉकर सोडवले. दोरी आत सोडायचं काम सासूनंच हातात घेतलं. एक बोट भोकाशी ठेवून ती वीत वीत आत सरकवत होती, वेटोळं कसं बसतंय ते बोटानं ऐकत असल्यासारखी. टोक तिनं सुनेच्या मनगटाला बांधलं, सगळीच आत जायला नको म्हणून. मग सायलेन्सरनं खालून पाना लावून इंजिन फिरवलं. ते थोडं फिरलं आणि मऊपणे अडलं.

"धरली!" सासू म्हणाली.

स्प्रिंग दाबली की दोन इवलीशी लोखंडी लॉकं सुटायची, नखाच्या तुकड्याएवढी. पहिलंच उडून गवतात गेलं आणि सगळे ढुंगण वर करून शोधत बसले. सापडल्यावर कंपाउंडरनं घरून पांढरा, खणांचा ट्रे आणला. तो गोळ्या मोजायचा तसा प्रत्येक व्हॉल्व्हची लॉकं वेगळ्या खणात ठेवू लागला आणि पुढचं मागायच्या आत चिमट्यानं पुढे करू लागला. त्याच्या हाताला अजिबात कंप नव्हता. जुनं सील निघालं की सायलेन्सर ते दगडावर आपटायचा. काचेसारखा टक्‌ आवाज यायचा.

"रबर आहे का हे? ऐका! ऐका!"

"ऐकतोय," कंपाउंडर म्हणाला. "हात चालव."

सिलिंडर बदलला की दोरी बाहेर काढायची, पुसायची, पुढच्यात घालायची. ऊन वडातून खाली उतरलं, ढग आले, वारा सुटला. दोरवालीनं ताडपत्री बॉनेटवर धरून ठेवली. थोडे थेंब पडले आणि गेले. शेवटचा प्लग बसला तेव्हा सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते, एक सासूचे सोडून. तिनं दोरी धुऊन कुंपणावर वाळत टाकली होती.

"थोडा धूर येईल आधी," सायलेन्सर म्हणाला. "आतलं जुनं जळेपर्यंत. घाबरू नका."

आला थोडा. दोरवाली खिंडीत गेली, दोन्ही बाजूंनी उतरली, पाय काढला, पाय दाबला. मागून नवऱ्याचा आवाज येत होता. "थोडा आहे... कमी झाला... कमी..." आणि मग आवाज आलाच नाही.

"अहो? पडलात का?"

"नाही. बघायला काही नाही म्हणून गप्प बसलोय."

बाजाराच्या दिवशी गाडी छतापर्यंत भरली. सुगीच्या गर्दीत कोपऱ्यावर तिसरं माणूस हवंच होतं. दोरवाली सासूला कसं विचारावं या विचारात असतानाच सासू बाहेर आली, पुढचं दार उघडलं, सीटवर हात फिरवून पाहिला आणि बसली.

"आई, तुम्ही?"

"माझी दोरी आत जाऊन धडधाकट बाहेर आली," सासू म्हणाली. "मग मला काय होणार आहे? चल."

फाटकाशी मुकादम काठी घेऊन तयार होता. गाडी थांबली. तो मागे गेला. वाकला. काही दिसेना, तेव्हा त्यानं खिशातून रुमाल काढला आणि गाडीच्या धुराच्या नळीसमोर धरला.

"रेस कर!"

दोरवालीनं रेस केली. मुकादमाचा रुमाल फडफडला. त्यानं तो उलटापालटा करून पाहिला, वास घेतला. चादरीवाली दुकानातून बाहेर आली होती, तिनंही तो हातात घेऊन पाहिला.

"माझ्या चादरी इतक्या स्वच्छ राहत नाहीत," ती म्हणाली.

मुकादमानं रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि काठी बाजूला घेतली. त्याचा चेहरा जरा पडला होता. गाडी बाजारातून सरळ कोपऱ्यापर्यंत गेली. दोरवाल्यानं खिडकीतून कांदेवाल्याला हात केला.

पेंढ्यांची दोरी दुपार व्हायच्या आतच संपत आली. माणसं शेतातून तशीच आली होती, कपड्यांना कुसळं, हातात विळे. कुणाला थांबायला वेळ नव्हता. एका दांडग्या शेतकऱ्यानं तरीही सोल हातात घेऊन ओढून पाहिला आणि नाक मुरडलं.

"यंदाचा पीळ नरम वाटतो."

सासू वेटोळ्यावरून उठली. तिनं सोलाचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं.

"ओढ."

"आजी, पडाल."

"ओढ म्हणते ना!"

त्यानं हलकंच ओढलं. सासू हलली नाही, कारण मागून सुनेनं तिच्या कमरेला धरलं होतं, आणि सुनेला दोरवाल्यानं. शेतकऱ्यानं जोर लावला. त्याची बायको हसत पुढे आली आणि तिनंही हात लावला. बाजार गोळा झाला. सोल तारेसारखा ताणला गेला, त्यातून धुळीचा बारीक धुरळा उडाला आणि अचानक शेतकऱ्याच्या चपलेचा अंगठा तुटला. तो बायकोसकट कांद्यांच्या ढिगात जाऊन बसला. इकडे सासू, सून, दोरवाला एकावर एक. सोल मधे पडलेला, शाबूत.

"दोन द्या," शेतकरी कांद्यांतून म्हणाला.

परत निघाले तेव्हा ऊन अजून बरंच होतं. गाडीत मागे फक्त रिकामी पोती उरली होती. दोरवाल्यानं त्यांवर अंग टाकलं आणि चढ लागायच्या आतच त्याचं घोरणं सुरू झालं. दोरवालीनं आरशात पाहिलं. तोंड उघडं, एक हात छातीवर, मानेवरचे लाल ओरखडे आता फिके पडलेले. वळणावर त्याचं डोकं हिंदकळू नये म्हणून तिनं गाडी जरा सावकाश घेतली.

शेजारी सासू खिडकीबाहेर बघत होती. मग बाहेर बघायचं सोडून तिनं सुनेच्या पायांकडे बघायला सुरुवात केली.

"ते उजवीकडचं काय?"

"ते दाबलं की गाडी पळते, आई."

"आणि मधलं?"

"थांबते."

"डावीकडचं?"

"ते गिअर बदलताना."

"हं," सासू म्हणाली. मग तिनं चपला काढून बाजूला सारल्या आणि दोन्ही पाय पुढे, गाडीच्या सपाट तळाशी नीट ठेवले.

उताराचं पहिलं वळण आलं. दोरवालीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, पण मान वळवली नाही. दोघींनी एकदमच ब्रेक दाबला.